गार बाजू

ताई, नंबर माझा होता.

सगळं ठरलं होतं. छाती माझी उघडायची होती, तारीख मला मिळाली होती, पिशवीत पायजमा आणि टॉवेल माझा भरून झाला होता. तुझं काम एवढंच, की आत माझी बायपास चालू असताना बाहेरच्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला प्रश्न विचारून हैराण करायचं. आणि तू काय केलंस? माझ्या तारखेच्या तोंडावर, एका सकाळी, चहाचं आधण ठेवलंस, दाजींना म्हणालीस, "अहो, डोकं जरा जास्तच दुखतंय," आणि गॅस बंद करून ओट्याशी खाली बसलीस. मरायला निघालेली बाई गॅस बंद करून बसते! मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी अंधार पडता पडता तू गेलीस. सिलिंडरच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तर त्याची कॉलर धरणारी तू, आणि शेवटी सख्ख्या धाकट्या भावाच्या पुढे घुसलीस.

हे मी रागाने लिहीत नाही. भीतीने लिहितोय. तुला माहीत आहे, मी घाबरलो की बडबडतो. लोकांना वाटतं, हा दिगंबर काय रंगवून बोलतो! लग्नातलं निवेदन असो की गणपतीतला गोष्टींचा कार्यक्रम, गडी माईक सोडत नाही. माईक सोडला की माझे हात थरथरतात, हे फक्त तुला ठाऊक होतं. लहानपणी अंधाऱ्या जिन्यावरून वर जाताना मी मोठमोठ्याने भाषण करायचो आणि तू मागून म्हणायचीस, "कर, कर, भुतं टाळ्या वाजवतायत." आत्ता जिना समोर आहे, ताई. मागे तू नाहीस.

डाव्या मनगटावर तुझी राखी मात्र आहे.

लोकांच्या बहिणी गोंड्याची, मोत्याची राखी बांधतात. माझी बहीण कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि उरलेल्या वेळात उष्णतेपासून वीज करणाऱ्या पट्ट्या बनवायची, म्हणून दर राखीपौर्णिमेला माझ्या हातावर त्या वर्षीची पट्टी चढायची. काळपट निळी, बोटभर रुंद, रबरासारखी लवचीक, आणि वर साबुदाण्याएवढा तांबडा दिवा. बॅटरी नाही, वायर नाही. बांधल्यावर थोडा वेळ काहीच होत नाही, कारण आतलं इवलंसं यंत्र थेंबाथेंबाने वीज साठवत असतं. पुरेशी साठली की दिवा एकदा डोळा मिचकावतो आणि यंत्र पुन्हा साठवायला बसतं. पहिल्या वर्षी तो मिचकावला तेव्हा मी असा दचकलो, की तुझ्या ताटातलं निरांजन कलंडलं.

"भुताटकी आहे का गं ही?"

"नाही. तू आहेस."

एवढंच म्हणालीस आणि पेढा माझ्या तोंडात कोंबलास. त्या दोन शब्दांवर मी पुढे किती कार्यक्रम मारले! सभागृहातले दिवे मालवायला लावायचे, बाही वर सरकवायची, हात उंच धरायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचं, "मंडळी, या माणसाच्या रक्ताच्या गर्मीवर दिवा लागतो!" तांबडा ठिपका चमकला की बायका "अगंबाई" म्हणायच्या. आणि एकदा पहिल्या रांगेतून तुझा आवाज आला.

"चूक."

"अहो प्राध्यापकबाई, खाली बसा."

"बसलेलीच आहे. गर्मीने लागत नाही, फरकाने लागतो. एक बाजू गरम, दुसरी गार, तर वीज. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की खेळ खलास."

"लोकांनी माझा कार्यक्रम ऐकायला पैसे दिलेत."

"मग त्यांना खरं सांग."

लोकांना वाटलं, हे आम्ही बसवलेलं आहे. सगळ्यात जास्त टाळ्या तुझ्या 'चूक'ला पडल्या. तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं ते तुझ्या शेवटच्या रविवारपर्यंत चाललं. माझं म्हणणं, दिवा माझा, कारण गरम बाजू मी. तुझं म्हणणं, तुझ्या गर्मीचं कौतुक कोण करतंय, बाहेर गारवा नसता तर तुझ्या गर्मीचं काय लोणचं घालायचं? मी म्हणायचो, गारव्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. तू म्हणायचीस, म्हणून तर मी वाजवते. आणि थंडीच्या दिवसांत नाशिक रोडच्या तुझ्या गॅलरीत उभी राहून, तोंडातून वाफ सोडत, खरोखर हवेला टाळ्या वाजवायचीस. समोरच्या इमारतीतले लोक पाहायचे. दाजी आत जाऊन पडदा ओढायचे.

त्याच गॅलरीत तू मला ती पट्टी समजावून सांगितली होतीस. मी कधी कुणाला कबूल केलं नाही, पण मला ते समजलं होतं. तू म्हणालीस, गरम बाजूचे विद्युतभार गार बाजूकडे धावतात, तीच वीज. म्हणून असा पदार्थ हवा की ज्यातून वीज सुसाट जाईल आणि उष्णता मात्र अडखळेल. धातूतून दोन्ही सुसाट जातात. मग गरम बाजूची ऊब लगेच गार बाजूला पोचते, दोन्ही सारख्या होतात, आणि संपलं. प्लॅस्टिक उष्णतेला अडवतं, पण बहुतेक प्लॅस्टिक विजेलाही अडवतं. थोडी प्लॅस्टिकं मात्र वीज जाऊ देतात. तसल्या प्लॅस्टिकच्या निळ्या द्रावणात टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्याच्या, डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक सुया मिसळायच्या. एक कार्बनी, सेंद्रिय. दुसरं खनिजातून आलेलं, असेंद्रिय. एक लवचीक, एक ठिसूळ. दोघांचा कशात म्हणजे कशात मेळ नाही.

"आणि खरी गंमत," तू म्हणालीस, "ते एकमेकांना चिकटतात त्या सीमेवर आहे. तिथे विजेला वाट मिळते आणि उष्णतेला ठेच लागते."

"म्हणजे आमच्या कार्यक्रमाचं फाटक," मी म्हटलं. "पासवाले आत, फुकटे बाहेर."

तू बराच विचार केलास. "जवळपास," म्हणालीस.

ताई, तुझ्या तोंडचं 'जवळपास' म्हणजे इतरांची शाल आणि श्रीफळ. मी घरी येऊन अंजूला सांगितलं. ती म्हणाली, "बायको रोज 'छान' म्हणते त्याचं काही नाही, बहीण एकदा 'जवळपास' म्हणाली तर लगेच तोंड एवढं!"

उद्या हे कुणी वाचलंच तर त्याला तुझी ओळख व्हायला हवी, म्हणून लसणाचीही गोष्ट सांगतो. रागावू नकोस.

तुमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद. दाजी रेल्वेत तिकीट तपासनीस होते, नियम म्हणजे नियम. आणि एका श्रावणात त्यांचा मला फोन आला. आवाज असा, की जणू मी विनातिकीट सापडलोय.

"दिगंबर, खरं सांग. तू हिला गाड्यावर भुर्जी खायला नेतोस का?"

"नाही हो दाजी."

"मग रोज संध्याकाळी तोंडाला लसणाचा वास कसा येतो?"

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! ज्या ताईच्या नावाने मला आयुष्यभर दटावलं गेलं, ती ताई ऐन श्रावणात चोरून लसूण खाते! मी दाजींना म्हटलं, "मी काही बोलणार नाही. माझ्या तोंडून काही वदवू नका." म्हणजे संशय पक्का होईल याची मी नीट व्यवस्था केली. तू सांगत होतीस, की वजन करताना टेल्युरियमची पूड नाकावाटे कणभर अंगात गेली आहे आणि तसं झालं की श्वासाला लसणाचा वास येतो, तो लवकर जात नाही. दाजी म्हणाले, असलं सायन्स मी ऐकलेलं नाही. शेवटी एकादशीला त्यांनी तुला दिवसभर नजरेसमोर बसवून ठेवलं. खिचडीशिवाय काही दिलं नाही. संध्याकाळी तुझ्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हणाले, "हं, श्वास सोड." वास तसाच! तेव्हा कुठे रेल्वेने तुझं तिकीट मान्य केलं.

मी हसत हसतच तुझ्याकडे आलो होतो. पण 'अंगात गेलं' हे शब्द जिन्यात माझ्या डोक्यात शिरले आणि चपला न काढताच मी तुला विचारलं.

"ताई, ते विष आहे का गं?"

"जास्त गेलं तर. हे अगदी कणभर आहे. डॉक्टरांना दाखवलंय."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. चांगली घाम फुटेपर्यंत वाटली. म्हणून तर आता बंद काचेच्या कपाटात हात घालून काम करते. दिग्या, घाबरल्यावर तू भाषण करतोस. मी हातमोजे घालते. बाकी घाबरणं तेच."

वास हळूहळू गेला. डॉक्टरांना नंतर कधी काही सापडलं नाही, आणि तू गेलीस त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही, हेही मी विचारून घेतलं आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा विचारलं. डॉक्टर शेवटी माझ्याच नाडीला हात लावायला लागले.

माझ्या भित्रेपणाचा सगळ्यात मोठा तमाशा मात्र मे महिन्यातला. पंचवटीत आपल्या घरामागच्या मंगल कार्यालयात लग्न होतं. वर पत्रा, बाहेर फुफाटा, आत सातशे-आठशे माणसं. मी माईकवर. मंगलाष्टकांना उभं राहायचं आवाहन करता करता सहज मनगटाकडे पाहिलं. दिवा बंद. थांबलो. वाट पाहिली. मिचकावेना. नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना, भटजी माझ्याकडे पाहताहेत, आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य: तू आहेस म्हणून तो लागतो. म्हणजे आता मी...? मी नाडी शोधली. घाबरलेल्या माणसाला स्वतःची नाडी सापडत नसते. माईक तसाच चालू ठेवून मी तुला फोन लावला आणि अख्ख्या वऱ्हाडाने ऐकलं, "ताई, मी गेलो गं!"

"कुठे?" तू विचारलंस.

"दिवा बंद पडलाय!"

"तिथे हवा किती तापलीय?"

"चाळीसच्या वर असेल."

"अरे मंद माणसा, हवा तुझ्या कातडीपेक्षा गरम झालीय. बाजू बदलल्या. वीज उलटी वाहतेय आणि तो दिवा एकाच दिशेच्या विजेवर लागतो. पट्टी उलटी करून बांध. आणि आधी त्या मुलीचं लग्न लाव."

मी मांडवामागे जाऊन पट्टी उलटी केली. दिव्याचं तोंड कातडीकडे गेलं. थोड्या वेळाने कडेने तांबूस उजेड झिरपला. मी परत येऊन अशा काही जोरात 'शुभमंगल' म्हटलं, की नवरीच्या आजीने अक्षता माझ्यावर टाकल्या. मंडपात हशा पिकला आणि मीही हसलो. पट्टी उलटी करायची हे तेव्हा शिकलो. ते कुठे कामाला येईल हे कुणाला माहीत होतं?

मग माझी छाती दुखायला लागली, तपासण्या झाल्या, आणि त्या सर्जनसमोर आपण दोघं बसलो. मी माझ्या नेहमीच्या थाटात बसलो होतो. ते म्हणाले, "थोडा वेळ तुमचं हृदय थांबवावं लागेल. रक्त यंत्र फिरवील. अंगही जरा गार करू."

माझ्या कानात शिट्टी वाजली. आणि तू? तुझे डोळे चमकले!

"गार? किती अंशांपर्यंत?"

"ताई," मी म्हटलं.

"थांब रे. डॉक्टर, पुन्हा गरम करताना एकदम करता की हळूहळू?"

"ताई, तो मी आहे. गार होणारा तो मी आहे."

तेव्हा तू वळलीस. माझा हात टेबलाची कड घट्ट धरून होता. तू त्यावर तुझा हात ठेवलास आणि डॉक्टरांना म्हणालीस, "याला गार करा, पण परत गरम केल्याशिवाय मी बाहेरच्या बाकावरून हलणार नाही. लेखी हवंय का?" डॉक्टर हसले. मीही हसल्यासारखं केलं. रिक्षात मात्र तुला म्हटलं, की मी हे करणार नाही. तू म्हणालीस, "करशील. मी बसते म्हटलंय ना!" त्या एका वाक्यावर मी होकार दिला होता, ताई. शूर वगैरे झालो नव्हतो.

आता तू गेलीस त्याच्या दुसऱ्या सकाळचं. हे मी अंजूलाही सांगितलं नव्हतं.

तुला घरी आणलं होतं. बाहेरच्या खोलीत जमिनीवर ठेवलं होतं, उशाशी कणकेचा दिवा. जानेवारीतली सकाळ, फरशीवर पाय ठरत नव्हता. दाजींचे थोरले भाऊ हरसूलहून यायचे होते, त्यांच्यासाठी सगळे थांबले होते. बायका आतल्या खोलीत, दाजी गॅलरीत फोनवर भावाला रस्ता सांगत होते, आणि तेवढ्यात तुझ्याजवळ मी एकटाच उरलो. माझ्या मनगटावरचा दिवा मिचकावला. थंडीत तो भराभर मिचकावतो. तुला आवडायचा तसा.

मी काय केलं ते सांगतो, हसू नकोस. मी राखी सोडली आणि तुझ्या मनगटावर बांधली. मला नक्की काय हवं होतं? माहीत नाही. मी वाट पाहत बसलो. कणकेच्या दिव्याची ज्योत हलत होती, तुझा दिवा नाही. कसा हलणार? तू आणि खोली सारख्या झाला होतात. खेळ खलास, असं तूच म्हणाली होतीस, आणि त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा, त्या फरशीवर कळला.

आणि मग डोक्यात तुझाच आवाज आला. मंद माणसा, उलटी कर.

मी पट्टी उलटी केली. दिव्याची बाजू तुझ्या तळव्यावर, मागची बाजू वर, आणि तिच्यावर कोटाच्या खिशातून काढलेला माझा ऊबदार तळवा. तुझा हात हातात धरला, असंच म्हण ना. धरून बसलो. बराच वेळ काही नाही. आणि दोन तळव्यांच्या फटीत तांबडं काहीतरी चमकलं.

मी ओरडलो, "ताई!"

दाजी फोन टाकून धावत आले. "काय? काय झालं?" त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते मला आयुष्यभर विसरता येणार नाही. कारण तेच क्षणभर माझ्याही मनात आलं होतं.

"काही नाही, दाजी," मी म्हटलं आणि राखी मुठीत लपवली.

दिवा तू होतीस म्हणून लागला नव्हता. तू गार होतीस म्हणून लागला होता. माझी ऊब आणि तुझा गारवा यांच्यातला फरक. तू मला वर्षानुवर्षं समजावत होतीस ते बरोबर होतं याचा पुरावा तू मला असा दिलास. नको होता गं मला असला पुरावा. मी हरायला तयार होतो. पहिल्या रांगेत बसून नुसतं 'चूक' म्हणाली असतीस तरी चाललं असतं.

त्या दिवसापासून मला त्या दिव्याची भीती वाटायला लागली. राखी पुन्हा बांधली, कारण ती उतरवायची हिंमत नव्हती. पण बाही खाली ओढून ठेवली. तो मिचकावला की वाटायचं, माझी ऊब मोजतोय कुणीतरी. उद्या मला टेबलावर गार करतील आणि परत गरम करायचं राहून गेलं तर? कुणाला फोन आला, कुणी चहाला गेलं तर? बाहेर बाकावर बसून त्यांना जाब विचारणारं होतं ते माणूसच गेलं. मी दवाखान्यात फोन करून तारीख पुढे ढकलली. कारण दिलं, सुतक.

सुतक हे फार सोयीचं कारण आहे. कुणी उलट विचारत नाही. मी ते जितकं ताणता येईल तितकं ताणलं. अंजू रडली, ओरडली, मग बोलेनाशी झाली. तिला छातीवर हात दाबून मी कपाटाच्या आडोशाला उभा असलेला दिसायचो. मी म्हणायचो, काही नाही, गॅस आहे.

आणि परवा दाजी आले.

तुला माहीतच आहे, नाशिक रोडहून पंचवटीत ते स्वतःहून कधी येत नाहीत, आमच्या गल्लीतली भाजीबाजाराची गर्दी त्यांना सोसत नाही. आले, चपला काढल्या, आणि पिशवीतून तुझा थर्मास काढून टेबलावर ठेवला. पोचे पडलेला, निळ्या झाकणाचा.

"दवाखान्यात फोन केला होता," ते म्हणाले. "तू सुतक सांगितलंस म्हणे."

"हो. म्हणजे..."

"लग्न झालेल्या बहिणीचं सुतक तीन दिवस. आणि तिसऱ्याच दिवशी तू माझ्यादेखत रामकुंडाजवळ उभा राहून भजी खात होतास."

"कांदाभजी नव्हती, दाजी. बटाट्याची होती."

दाजी हसले नाहीत. "तिने सांगितलं होतं, बाकावर बसायचं. तर मी बसतो. थर्मास आणलाय. तू तारीख घे."

आणि मग माईक नसताना, श्रोते नसताना, मी त्यांना सगळं सांगितलं. फरशी, तळवा, तांबडा उजेड, मी ओरडलो ते का. दाजी खाली बघून ऐकत होते. मला वाटलं, आता रडतील किंवा मारतील. ते म्हणाले, "मला दाखव."

मी राखी सोडली. त्यांच्या तळव्यावर दिव्याची बाजू ठेवली आणि वरून माझा तळवा. आम्ही दोघं असे हातात हात घालून बसलो. अंजू दारात येऊन पाहत होती, आम्हाला वेड लागलंय असं तिला वाटलं असणार. काही झालं नाही. दाजींचा हात गरम, माझाही गरम.

"लागत नाही," दाजी म्हणाले.

"दोन्ही बाजू सारख्या आहेत. फरक हवा."

दाजी उठले. मागे मोरीत गेले. नळाचा आवाज आला आणि येतच राहिला. जानेवारीतलं टाकीचं पाणी, ताई! मी म्हणत होतो, दाजी, पुरे, सर्दी होईल. परत आले तेव्हा हात लालभडक, बोटं वाकत नव्हती. पंच्याला पुसून त्यांनी तो पुढे केला. त्या गारव्याने मी शहारलो. तोच गारवा होता. मला हात काढून घ्यायचा होता, पण त्यांनी धरून ठेवला.

दिवा लागला.

दाजी त्या उजेडाकडे पाहत राहिले. मग पुन्हा एकदा लागला. मग म्हणाले, "म्हणजे एकाला गार व्हावं लागतं."

"हो."

"ती झाली, दिगू." पहिल्यांदाच मला दिगू म्हणाले. "आता तू गार व्हायची काही गरज नाही. तू तुझी बाजू बघ."

स्वयंपाकघरात अंजूने भांडं आपटलं, म्हणजे ती रडत होती. मी फोन उचलला आणि तारीख घेतली. आवाज इतका कापत होता, की पलीकडच्या मुलीने विचारलं, "पेशंट वयस्कर आहेत का?"

जाताना दाजी दारात घुटमळले. म्हणाले, "आत हे घालू देणार नाहीत. धातू आहे यात."

"माहीत आहे."

"मग मी घालू का? बाहेर बसेन तोवर?" आणि चक्क लाजले. "इतकी वर्षं पाहतोय. तुला दरवर्षी नवीन. मला कधी नाही. मी एकदा म्हटलंही होतं, तर म्हणाली, अहो, नवऱ्याला राखी कशी बांधू, लोक काय म्हणतील? म्हटलं, दुसऱ्या एखाद्या दिवशी बांध. तर म्हणाली, ती राखीच आहे, दुसऱ्या दिवशी बांधली तरी राखीच राहते."

तू असं म्हणालीस? उष्णता, वीज, प्लॅस्टिक, खनिजं, सगळ्यांचे मेळ घालत बसलेली बाई, आणि इथे नियम! दाजींसारखीच होतीस की गं तू. आम्हाला कुणाला कळलं नाही.

"दाजी," मी म्हटलं, "मी बांधतो ना. इथून पुढे तुम्हीच माझी बहीण."

"काहीतरी बोलू नकोस," ते म्हणाले. पण हात पुढे केला.

दवाखान्यात उद्या सकाळी जायचं आहे. पिशवी पुन्हा भरली. राखी अजून माझ्याच हातावर आहे, आत नेण्याच्या आधी दाजींच्या मनगटावर बांधीन. बाहेरच्या बाकावर तुझा थर्मास असेल, तुझा नवरा असेल, आणि तुझा दिवा मिचकावत असेल. दाजींना मी शिकवून ठेवलंय, नर्स दिसली की विचारायचं, पेशंटला पुन्हा गरम करायला घेतलं का? ते म्हणाले, बाईला असं कसं विचारणार? मी म्हटलं, तिकीट तपासता तसं विचारा.

माझी भीती गेलीय असं तुला वाटत असेल तर चूक. बघ, मलाही म्हणता येतं. हे लिहितानाही दोनदा उठून पाणी प्यालो आणि एकदा नुसताच उठलो. पण मी आज भाषण केलं नाही. हातमोजे शोधतोय, असं समज.

आपला वाद राहिला तो राहिला. दिवा माझा की गारव्याचा? तू असतीस तर या रविवारी पुन्हा भांडलो असतो. आता एवढंच कबूल करतो, की अर्धा तुझा. पण उरलेल्या अर्ध्यासाठी माझी बाजू गरम राहायला हवी, म्हणून जातोय.

तू रांगेत माझ्यापुढे घुसलीस ना? मग आता तिथेच उभी राहा. वळून बघू नकोस, मला हाक मारू नकोस. गार बाजू तू सांभाळ, ताई. गरम बाजूला मी आहे.